उजव्या बाजूची पावलं

मॅडमनी सांगितलं तेव्हा रोपबाईच्या हातात चहाचा कप होता, आणि तो तिने तसाच खाली ठेवला. पुढच्या पट्ट्यातली झाडं काढायची होती. एकूण एक. थंडी पडायच्या आत, म्हणजे लांबून येणारे पक्षी उतरायच्या आत.

ती झाडं रोपबाईने लावलेली. ओहोटीला शेंगा वेचण्यापासून, पिशवीत चिखल भरून त्या रुजवण्यापासून, कोवळ्या पानांवरून खेकडे हाकलण्यापासून सगळं तिचं. खारफुटीच्या या राखीव पाणथळीत ती नोकरीला लागली तेव्हा तिचे केस काळे होते आणि गुडघे शाबूत होते. दोन्ही गेले. उरली होती ती झाडं, तर आता तीही काढा म्हणतात. माणसाची चेष्टा करावी तरी किती!

बरं, मॅडमवर रागवावं तर तीही सोय नव्हती. नव्याने आलेल्या अधिकारी, वयाने रोपबाईच्या लेकीएवढ्या, पण बोलायला नरम. खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. खाडीच्या तोंडाशी जो उघडा चिखल असतो तो पक्ष्यांचं ताट असतो. हजारो मैल उडून आलेले चिखले, तुतारी असे पक्षी तिथे उतरतात, चोच खुपसून किडे, शिंपले खातात आणि पुढच्या प्रवासाचं बळ धरतात. तिथे झाडं आली की चिखल घट्ट होतो, आडोसा होतो, आणि आडोशाला कोण दबा धरून बसलंय हे दिसत नाही म्हणून पक्षी उतरतच नाहीत. मागच्या भागातलं रान हवंच, त्याला कुणी हात लावणार नाही. पण पुढचा पट्टा उघडाच असायला हवा होता.

"खात्याची चूक आहे, बाई. तुमची नाही," मॅडम म्हणाल्या.

रोपबाईने मान हलवली. चूक खात्याची असेल, पण खात्याला काही चिखलात वाकावं लागलं नव्हतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलून दमायचंही आता तिच्यात त्राण नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? पूर्वी थंडीत त्या चिखलावर पाय ठेवला की सगळा पट्टाच उडाल्यासारखा वाटे, इतके पक्षी. मग झाडं गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली, डोक्यावरून गेली, आणि पक्षी दरवर्षी थोडे थोडे कमी होत गेले. फाटकाजवळच्या पाटीवर त्यांचं चित्र तेवढं राहिलं. रोपबाई रोज त्या पाटीखालून जायची आणि यंदा वारा उलटा असेल, यंदा थंडी उशिरा असेल, अशी स्वतःची समजूत घालायची.

त्या वेळचे साहेब म्हणाले होते, रिकामं दिसेल तिथे लावा. मागच्या भागात लावायचं म्हणजे जुन्या झाडांची मुळं चिखलातून वर आलेली, त्यांतून वाट काढायची, अंग सोलवटून घ्यायचं. पुढे सगळं मोकळं, साफ. मग काय, लागली सगळी माणसं पुढेच लावायला. वरून बक्षीस आलं, फोटो निघाले. झाडं लावणाऱ्या माणसाला मोकळी जमीन बघवत नाही, हा त्या धंद्यातला रोगच आहे, आणि रोपबाईला तो सगळ्यांत जास्त जडला होता.

तर झाडं काढायला मजूर आणले. ते मांडीपर्यंत रुतले. एकाचा बूट आत राहिला तो अजून आतच आहे. कापायचं यंत्र आणलं, ते चिखलात टेकवायला जागा नाही. मॅडमनी हात टेकले. मग त्यांनी विचारलं, पूर्वी या चिखलात शिंपले काढणारे लोक होते ना, ते फळीवरून फिरायचे म्हणे, त्यांच्यापैकी कुणी आहे का?

होते तसे बरेच. म्हातारे मेले, तरुण शहरात गेले. फळीवरून जाऊन चिखलात आडवा होऊन खोड कापू शकेल असा एकच माणूस राहिला होता, आणि तो तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि बारा-पंधरा वर्षांत त्याने तिच्याशी चकार शब्द काढला नव्हता.

ते का, हे सांगायचं तर आधी फळी सांगायला हवी.

माणसाच्या उंचीची, टोकाला जरा वर वळलेली लाकडी फळी. तिच्यावर एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय बाहेर चिखलात ठेवायचा आणि ढकलत जायचं. चालणारा रुततो, फळीवाला तरंगतो. रोपबाईच्या वडिलांनी दोन्ही मुलांना चालायच्या आधी फळी शिकवली असं घरात गमतीने म्हणत. सगळ्या वस्तीत रीत एकच, उजवा गुडघा फळीवर आणि डावा पाय चिखलात. म्हणून फळीचा माग पाहिला की पावलं डाव्या बाजूला उमटलेली दिसायची. एकट्या धाकट्याची उजवीकडे. लहानपणी बहिणीच्या मागे धावताना शिंपल्याच्या धारेवर त्याचा डावा तळवा उभा चिरला होता. रोपबाईने त्याला फळीवर आडवा घातला आणि रडत रडत काठापर्यंत ढकलत आणला. जखम भरली, पण त्या पायात पुढे जोर आला नाही, तेव्हा तो उलटा शिकला. वडील चिडायचे, आई म्हणायची, असू दे, माझ्या पोराची फळी ओळखू तरी येते.

पुढे पाणथळ राखीव झाली. लाकूड तोडायचं बंद, तोडलं तर गुन्हा. रोपबाईला त्याच खात्यात नोकरी लागली. आणि एका सकाळी बगळ्यांच्या वस्तीतल्या फांद्या कुणीतरी तोडून नेलेल्या दिसल्या. ऐन विणीचे दिवस. घरट्यांसकट फांद्या गेलेल्या, पिल्लं चिखलात पडून मेलेली, काही मरायची राहिलेली. रोपबाईने ती उचलून पदरात घेतली होती, ती पदरातच गेली. पहारेकरी चिखलावरच्या मागाकडे बघत होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. साहेबांनी तिला विचारलं, हा माग कुणाचा सांगता येईल का? तिने पाहिलं. पावलं उजव्या बाजूला होती.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पदरात मेलेली पिल्लं होती आणि डोकं तापलेलं होतं. "माझ्या भावाचा," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला त्याचा अर्थ कळला.

धाकट्याला धरून नेलं, काही दिवस आत ठेवलं. सुटला तो पाणथळीत पाऊल टाकायचं नाही या अटीवर. शिंपल्यांचा धंदा संपला. बर्फाच्या कारखान्यात तो लाद्या वाहायला लागला, सगळा जन्म चिखलात काढलेला माणूस गारठ्यात गेला. लाकूड त्याने विकायला तोडलं नव्हतं. घरातलं सरपण संपलं होतं, आईचे सांधे सुजले होते आणि तिला शेकायला गरम पाणी लागत होतं. आई तेव्हा त्याच्याकडे राहायची. रोपबाई भेटायला गेली तेव्हा आई एवढंच म्हणाली, खोटं बोलली नाहीस बाई, पण आधी घरी येऊन मला विचारायचंस तरी. आई गेली तेव्हाही बहीणभाऊ दोन बाजूंना उभे होते आणि नातेवाईक मधल्या मोकळ्या जागेतून ये-जा करत होते.

मॅडमनी फळीवाल्यांचं विचारलं त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शिंपी, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे टाचण्या नसतानाही तो ओठ मिटूनच बोलायचा. त्याचं म्हणणं, मॅडमना सांगून टाक, माणूस मिळत नाही. तुझं निवृत्त व्हायचं आलंय, झाडं काय, तू गेल्यावर काढतील नाहीतर ठेवतील. तू कशाला जुनी खपली काढतेस?

ती म्हणाली, तसं सांगितलं तर झाडं वाचतील, हे मला दुपारपासून कळतंय.

"मग?"

"मग पक्षी येणार नाहीत. आणि तोही येणार नाही."

तिच्या गुडघ्याला लावायचं तेल नवऱ्याने चुलीजवळ कोमट करायला ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईने ठरवलं आहे की नाही हे माणसाला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमकडून भावावरची जुनी बंदी उठवून घेतली. मॅडमना त्या बंदीची माहितीसुद्धा नव्हती. एका सहीत गेली ती. बारा-पंधरा वर्षं ज्याने बर्फ वाहिला, त्याची अट एका सहीत गेली, आणि रोपबाई तिथून थेट भावाच्या घराकडे निघाली.

भावाचं घर दोन खोल्यांचं. तो कारखान्यातून येऊन भिंतीला टेकून बसला होता, बोटं बर्फाने पांढरी पडलेली. भावजयीने बसायला दिलं. तोंडभर स्वागत करायची तिची इच्छा दिसत होती, पण नवऱ्याकडे बघून ती अर्ध्यावर थांबली. मागच्या भिंतीला फळी होती. दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली, तिच्यावर पातेली आणि डबे. इतकी वर्षं ती मांडणी म्हणून वापरात होती.

रोपबाईने आल्या आल्या सांगून टाकलं. पुढचा पट्टा मोकळा करायचाय. मी लावलेली झाडं आहेत. तोडायला माणूस हवा.

धाकटा जमिनीकडे बघत बायकोला म्हणाला, "विचार, परवानगी आहे का म्हणावं. नाहीतर पुन्हा कुणाला तरी माग ओळखता यायचा."

भावजय बिचारी हातभर अंतरावर बसलेल्या नणंदेकडे वळली आणि तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, कारण घरात रीतच तशी पडली होती. रोपबाईने तिलाच उत्तर दिलं, परवानगी आहे. बंदीही उठली आहे. भावजयीने ते नवऱ्याला सांगितलं. खोली एवढीशी, भिंतीवरची पाल मधे आली असती तर तिलाही निरोप द्यावे लागले असते. कुणाला हसू मात्र आलं नाही.

"आणखी विचार," तो म्हणाला, "माझी तोड ती तोड, आणि हिची तोड ती सेवा का?"

भावजयीने हा प्रश्न पुढे नेला नाही. ती उठून आत गेली.

रोपबाई त्याच्याकडे बघून सरळ बोलली. "तेव्हा मी बोलायला नको होतं. निदान आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, त्याचीही लाज वाटते. तू आलास तर ये, नाही आलास तरी मी तुला दोष देणार नाही. उद्या सकाळच्या ओहोटीला मी सुरू करणार आहे."

त्याने मान वर केली नाही. ती निघाली. भावजय दारापर्यंत आली आणि तिने नुसता हात दाबला.

सकाळी ओहोटी लागली तशी रोपबाई वडिलांची जुनी फळी आणि करवत घेऊन चिखलात उतरली. काठावर मॅडम आणि दोन पहारेकरी उभे होते. धाकटा नव्हता. तिने वाट पाहिली नाही, म्हणजे पाहिली, पण मान वळवून पाहिली नाही.

गुडघा फळीवर टेकला आणि कळ मस्तकात गेली. तरी ढकलत ती पहिल्या रांगेपर्यंत पोहोचली. रांगा तिनेच दोरी लावून आखलेल्या, अजून सरळ होत्या. पानांवर मीठ साठलेलं. खालून निवटे मासे टणाटण उड्या मारत दूर पळाले. एका फांदीवरून खंड्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ही रोजचीच आहे, हिला भ्यायचं कारण नाही. तिने त्या झाडाच्या खोडावर हात ठेवला आणि तो काढायला तिला वेळ लागला.

खोड चिखलाच्या खाली कापायचं असतं. वर खुंट राहिला तर त्याला पुन्हा धुमारे फुटतात, आणि पाय पडला तर पाय फाटतो. तिने चिखल उकरला, आडवी होऊन करवत लावली. एक झाड गेलं. दुसऱ्याला तिला धाप लागली. तिसऱ्याशी करवत अडकली, ती ओढताना गुडघ्यात काहीतरी सटकलं आणि ती फळीवरून घसरून चिखलात बसली. मग ती तिथेच बसून राहिली. रडायला आलं तर रडू म्हणाली, पण रडूही आलं नाही, इतकी ती दमली होती. आयुष्यभर वाकून जे उभं केलं ते आडवं करायलाही वाकावंच लागतं, हे असलं कसलं जगणं, एवढाच विचार तिच्या डोक्यात फिरत होता.

फळीचा आवाज तिला मागून आला. चिखलावरून फळी सरकते तेव्हा आधी ओला घासल्याचा आवाज येतो, मग पाय उपटल्याचा. पूर्वी रोज सकाळी ऐकलेला. तिने वळून पाहायच्या आतच धाकटा तिच्याशेजारून पुढे गेला. फळीवर पातेल्याच्या बुडांचे काळे गोल तसेच होते. धुवायलाही थांबला नव्हता.

तिच्या अडकलेल्या करवतीला त्याने एक झटका देऊन ती सोडवली आणि कामाला लागला. वयाने तोही उतरला होता, पण चिखलातला हात विसरत नाही. झाड पडलं की फांद्या छाटायच्या, खोडं फळीवर रचायची, काठाशी नेऊन टाकायची, परत यायचं. ती बसल्या बसल्या लहान रोपटी मुळासकट उपटत राहिली. एका झाडापाशी ती हात लावायची थांबली. तिने लावलेलं ते पहिलंच, आईला आणून दाखवलेलं. धाकट्याने ते पाहिलं. त्यालाही ते आठवत असावं, कारण आईबरोबर त्या दिवशी काठावर तोही होता. त्याने तिला बाजूला सरकायची खूण केली, ते झाड तिच्याकडे पाठ करून कापलं, आणि त्या खोडाची खेप एकट्याने वेगळी नेली.

उन्हं चढली. पहिल्या दोन रांगा गेल्या होत्या आणि तेवढ्या पट्टीत चिखल पुन्हा उघडा चमकत होता. पक्षी काही आले नाहीत. येतील तेव्हा येतील, या थंडीत किंवा पुढच्या, किंवा येणारही नाहीत. रोपबाईने आकाशाकडे बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

मग पाणी वळलं. खाडीकडून भरतीची पहिली जीभ आत आली आणि चिखलातल्या बिळांतून बुडबुडे निघायला लागले. रोपबाई उठायला गेली आणि उठता आलं नाही. गुडघा सुजून डेरा झाला होता. तिने फळी ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही. काठावरून पहारेकऱ्याने ओरडून काहीतरी विचारलं.

धाकट्याने शेवटची खेप अर्ध्यावर आणली होती. त्याने फळीवरची सगळी लाकडं चिखलात ढकलून दिली, फळी तिच्यापाशी आणली आणि तिला काखेत धरून वर घेतलं. तिला आडवी केली, लहान मुलाला करतात तशी. मग डावा गुडघा तिच्या पायांशी टेकला आणि उजव्या पायाने ढकलायला लागला. जड जात होतं. तो धापा टाकत होता. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, चिखलाने भरलेला हात तेवढा दिसत होता, फळीची कड घट्ट धरलेला.

काठ जवळ आला तसा तो थांबला. दम खाल्ला. मागे वळून त्याने पाहिलं, म्हणून तिनेही मान उचलून पाहिलं. उघड्या चिखलावर सकाळपासूनचे त्याचे सगळे माग उमटलेले होते, येण्याचे, लाकडांच्या खेपांचे, आणि आत्ताचा, तिचा भार घेतलेला. पावलं सगळी उजव्या बाजूला.

"आता कुणी विचारलं, तर सांग," तो म्हणाला. इतक्या वर्षांत बहिणीशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. "माझाच माग आहे म्हणून सांग, ताई."

सकाळपासून न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

"सांगेन," ती म्हणाली.